मळवलीला उठणारा माणूस

सन एकोणीसशे छत्तीस. मौलाभाईंचं वय तेव्हा चोपन्न, माझं एकतीस. वडगाव मावळला भाताच्या गिरणीत ते ताटावर बसायचे आणि मी त्यांच्या खाली जाळ घालायचो.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं मी थांबणार नाही.

परवा आमचे जावई आले होते. कारखान्यात इंजिनिअर आहेत. बोलता बोलता म्हणाले, "मामा, एवढ्या चौरसातनं एवढ्या वेळात किती उष्णता जाते, हे माणसाच्या कातडीला कळत नसतं. त्याला यंत्र लागतं." जावई माणूस, म्हणून मी चहा पुढं केला आणि गप्प बसलो. पण लिहायला मला कुणी अडवू शकत नाही. मी तिसरीपर्यंत शिकलो. चौथीच्या मास्तरांशी माझं पटलं नाही. चूक त्यांची होती. भागाकार मात्र मला तेव्हापासून चोख येतो, आणि या हकिकतीत तो एकदा लागणार आहे.

तर ताट. गिरणीचे मालक हिराशेठ. त्यांनी मुंबईच्या एका दलालाकडनं भात वाळवायचं जुनं जर्मन यंत्र आणलं होतं. खाली भट्टी, वर लोखंडाचं सपाट ताट, चार माणसं पाय पसरून झोपतील एवढं. कापणीनंतर आंबेमोहोर अंगात ओल धरून असतो. सकाळी दव, दिवसभर तिरपं ऊन. खळ्यावर वाळायला चार-चार दिवस जायचे. ताटावर दोन तासांत काम व्हायचं. फक्त ताट बरोबर तापायला हवं. कमी तापलं तर दाणा आतनं ओला राहतो आणि पोत्यात बुरसतो. जास्त तापलं तर दाण्याला चीर पडते आणि गिरणीतनं तांदूळ निघायच्या जागी नुसत्या कण्या निघतात.

बरोबर म्हणजे किती, हे मौलाभाई बसून सांगायचे.

सकाळी अंघोळ करून यायचे. धुतलेला पांढरा पंचा घडी घालून काखेत असायचा. पोत्यांच्या थप्पीआड जाऊन धोतर सोडायचे, पंचा एकेरी नेसायचे, आणि एखादा नवरदेव बोहल्यावर चढावा तसे ताटावर चढायचे. मधोमध मांडी. पाठ ताठ. डोळे मिटलेले. मग खणखणीत आवाजात सुरू व्हायचं:

"पुनं... खडकी... दापोडी... चिंचवड... देहूरोड... घोरावाडी... तळेगाव... वडगाव... कामशेत... मळवली... लोनावळा."

दोन स्टेशनांच्या मधे एक श्वास. कमी नाही, जास्त नाही. चटका सोसेना झाला की ज्या स्टेशनावर असतील तिथं उठायचे. मळवलीला उठले की ताट बरोबर. "पसरा!" म्हणायचे आणि ताट ओल्या फडक्यानं पुसून घेऊन भात पसरला जायचा. तळेगावलाच उठले तर मी जाळ ओढून घ्यायचा. बियाण्याचा भात असेल तर लोणावळ्यापर्यंत जायचे, कारण त्याला ताट थोडं कमी तापलेलं लागतं, बी मरता कामा नये. आणि लोणावळा होऊनही बसूनच राहिले, तर डोळे न उघडता ओरडायचे, "घाट उतराया लागलो रं! लाकूड घाल की!"

घोरावाडीला गाडी थांबते की नाही यावर गिरणीत वाद व्हायचे. मौलाभाई म्हणायचे, "गाडी थांबू न्हाईतर न थांबू. माजी बैठक थांबतीया."

ही स्टेशनं त्यांना बापाकडनं मिळाली. बाप रेल्वेच्या रुळांवर गँगमधे होता. पोराला निजवायचं तर त्याला गाणं येत नव्हतं, म्हणून तो स्टेशनं म्हणायचा. मौलाभाई सांगायचे, "मी कदी तळेगावाच्या म्होरं जागा ऱ्हायलो न्हाई." बाकीची स्टेशनं मग झोपेत पाठ झाली असावीत. पण एक गोष्ट ते कुणाला सांगत नसत, मला ठाऊक होती. मौलाभाई जन्मात आगगाडीत बसले नव्हते. एका बाजूला तळेगाव, दुसऱ्या बाजूला कामशेत, एवढंच त्यांनी पायी पाहिलं होतं. बाकी सगळी लाइन त्यांच्या तोंडात होती.

ताटापुरतं हे राहिलं असतं तर वेगळं. पण त्यांना दुनियेत जे जे तापतं ते सगळं स्टेशनांतच कळायचं. चहा ओठाला लावून खाली ठेवायचे. "दापोडीचा हाय. जरा निवू दे." उन्हात चालून आलं की, "आज चिंचवडाचं ऊन पडलंय." घरी बायकोचा पारा चढलेला असला की गिरणीत जरा लवकर यायचे. आम्ही विचारायचो, "काय मौलाभाई, कुठवर?" ते पंचा झटकत म्हणायचे, "खडकी. बसायच्या आदीच उटलो."

एकदा बांधावरच्या मारामारीत साक्षीदार म्हणून वडगावच्या कोर्टात उभे राहिले. वकिलानं विचारलं, मारामारी किती वेळ चालली? मौलाभाई म्हणाले, "खडकी ते कामशेत." कारकुनानं ते लिहून घेतलं. न्यायाधीशांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "मारामारी धावत्या गाडीत झाली?" "न्हाई सायेब, बांधावर." "मग आरोपी कामशेतला कसे पोचले?" मौलाभाईंनी मग कोर्टासमोर खडकी ते कामशेत म्हणून दाखवलं, दर स्टेशनाला श्वास घेऊन. सगळं कोर्ट कामशेत येईपर्यंत गप्प उभं होतं. शेवटी न्यायाधीश म्हणाले, "बराच वेळ मारलं की हो." आणि तसं लिहिलं.

बैठकीवर संशय घेणाराही एक निघाला होता. टाकवे बुद्रुकचे सखारामभाऊ. स्वतः आडदांड, आवाज त्याहून. एका वर्षी त्यांचा भात ताटावर जायचा होता आणि ते अडून बसले.

"मौलाभाई, तुमी सुकलेलं बोंबील. तुमच्या अंगावर मांस कुटं हाय? तुमाला लगीच लागनार. जाडा मानूस बसवा, मग कळंल ताट किती तापलंय ते."

"जाडा कोन आनू?" मौलाभाई म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत हिराशेठवर आल्या. शेठ मौलाभाईंच्या तिप्पट. ते म्हणाले, "मला कशाला? मी मालक आहे." सखारामभाऊ म्हणाले, "मग बैल जुपतो आन गाडी घरी नेतो." त्यांच्या मागं टाकव्याच्या आणखी पाच गाड्या होत्या. शेठनी कोट काढला.

दोघं एका ताटावर बसले. एक ताडपत्रीएवढी मांडी आणि एक पाटाएवढी. मौलाभाईंनी पुणे सोडलं. शेठ जोरात सांगत होते, "मी लोणावळ्यापर्यंत बसणार, बघा तुम्ही." वडगाव गेलं, कामशेत गेलं. शेठना घाम फुटला. "मळ" एवढं मौलाभाईंच्या तोंडातनं निघालं आणि दोघंही एकदम उठले. शेठ जरा उंच उठले, एवढाच फरक.

मौलाभाई ताटावरनं उतरले आणि सखारामभाऊंसमोर हात आडवा करून वीत दाखवली. "चटका मानसाचा आकार इचारत न्हाई, भाऊ. शेटजींना सगळा मिळून ज्यादा लागला, कारन बसायला जागा ज्यादा. पन वीतभर कातडीला मला जेवढा, तेवढाच त्यांना. ताटाचा गुन वीतभरातच बघायचा."

सखारामभाऊंनी गाडी सोडली. तेव्हापासून ते मौलाभाईंचे एवढे कडवे भक्त झाले, की त्यांचं पोतं उतरायच्या आधी "मौलाभाई बसले का?" हे विचारल्याशिवाय गाडीच्या खिळीला हात लावू देत नसत.

आता छत्तीस सालाकडं येतो.

त्या कापणीला शेठनी मुंबईहून आणखी एक वस्तू आणली. एक पितळी चकती, तिला तार, तारेच्या टोकाला घड्याळासारखी तबकडी, तबकडीत काटा. चकती ताटावर ठेवली की ताटातनं किती उष्णता वर येते ते काटा दाखवणार. वस्तू इंग्रजांची. आणि वस्तूबरोबर पुण्याहून एक साहेब आले, सप्रे नावाचे. वय माझ्याहून कमी. बोलणं गोड, बूट चकचकीत, खिशाला तीन पेन्सिली.

सप्रेसाहेबांनी पहिल्यांदा काय केलं, तर भट्टीच्या अंगाला रिव्हेट मारलेली एक काळी पडलेली पट्टी होती, ती चिंचेनं घासून घेतली. खालून जर्मन अक्षरं निघाली आणि एक आकडा, अकराशे. इतकी वर्षं तो आमच्या नाकासमोर होता. साहेब म्हणाले, "हे बघा, कारखान्यानं लिहूनच दिलंय. भातासाठी ताटातून एका तासात, एका चौरस मीटरमधून, अकराशे मोठ्या कॅलरी यायला हव्यात. आता आपला काटा आहे इंग्रजी. तो बीटीयू या इंग्रजी मापात बोलतो, आणि चौरस फुटात. तेवढं रूपांतर केलं की झालं."

वही काढली, पेन्सिल चालवली. "एका मोठ्या कॅलरीत चार बीटीयू. चौरस दोन्हीकडं आहे, तो गेला. अकराशे चोक चव्वेचाळीसशे." आणि भिंतीवर खडूनं हातभर मोठा आकडा लिहिला: ४४००.

मौलाभाई पंचा काखेत घेऊन उभे होते. म्हणाले, "सायेब, बसून सांगू का?"

शेठनी त्यांना साहेबांची ओळख करून दिली, म्हणजे काय करतात ते सांगितलं. सप्रेसाहेब हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. ते अगदी सभ्यपणे म्हणाले, "आजोबा, माप म्हणजे काहीतरी मूळ लागतं. इंग्रजांचा फूट विलायतेत जपून ठेवलाय. मीटर फ्रान्समधे ठेवलाय. तुमचं स्टेशन कुठं ठेवलंय?"

"रुळावर," मौलाभाई म्हणाले.

आम्ही सगळे हसलो, साहेबसुद्धा. मग साहेबांनी सहज विचारलं, "आणि तुम्ही ते सगळं पाहिलंय ना? पुण्यापासनं लोणावळ्यापर्यंत?"

मौलाभाईंनी पंचा या काखेतनं त्या काखेत घेतला. गिरणीत मला एकट्यालाच कळलं की घाव कुठं बसला.

शेठनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. उद्यापासनं काटा सांगेल ते. मौलाभाईंनी पोत्यांची तोंडं शिवायची. "वय झालंय तुमचं, भाजून घेऊ नका," असं वर मायेनं म्हणाले. चोवीस वर्षं वडगावच्या पंचक्रोशीत मौलाभाई बसल्याशिवाय भात पसरला नव्हता, आधी तव्यांवर, मग या ताटावर. त्या माणसाच्या हातात दाभण दिला.

दुसऱ्या दिवशी नेमके सखारामभाऊ आले. चौदा पोती आंबेमोहोर. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि हा पंगतीचा भात होता. त्यांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "मौलाभाई बसले का?"

कोपऱ्यातनं मौलाभाई म्हणाले, "बसलोय की. पोती शिवाया."

सखारामभाऊंचा आवाज सुटणार, तेवढ्यात शेठनी हात जोडले. शेवटी दोन पोती चाचणीला द्यायची आणि बारा गाडीतच ठेवायची, असं ठरलं. सप्रेसाहेबांनी चकती ठेवली, भात पसरवला आणि मला म्हणाले, "चढवा जाळ."

चढवला. काटा दोनशे, तीनशे, चारशेवर आला. मी सवयीनं हात थांबवला. माझ्या हातालाही ताट कळत होतं. साहेब म्हणाले, "थांबलात का? अजून दहावा हिस्सासुद्धा झाला नाही!"

मी लाकूड घातलं. हजार. दीड हजार. ताटाजवळ कुणी उभं राहीना. भात हलवणाऱ्या बायका फळ्या टाकून भिंतीला जाऊन टेकल्या. काटा दोन हजारावर गेला आणि थांबला, कारण तबकडीच तिथं संपत होती. साहेबांनी काचेवर टिचकी मारली. काटा शेवटच्या खिळ्याला टेकून थरथरत होता. ते वहीत बघून म्हणाले, "ठीक आहे. म्हणजे अजून निम्मंही झालेलं नाही. पुढचं आपण अंदाजानं घेऊ."

शेठ म्हणाले, "साहेब, वास येतोय."

"नवीन चकतीचा असेल."

आणि पहिला दाणा फुटला.

टच्. एक पांढरी लाही उडाली आणि साहेबांच्या वहीवर बसली. साहेबांनी ती फुंकरीनं उडवली. मग टच् टच्. मग काही मोजण्यासारखं राहिलं नाही. दोन पोती आंबेमोहोर एकदम फुटायला लागला. लाह्या ताटावर मावेनात, त्या पत्र्याला लागून खाली यायला लागल्या. शेठच्या टोपीत, साहेबांच्या खिशात पेन्सिलींच्या मधे, बैलांच्या शिंगांवर. चिमण्यांना कसं कळलं कोण जाणे, सगळ्या वडगावच्या आत आल्या. बायका भिंतीशी उभ्या राहून पदरात लाह्या झेलत होत्या. साहेब त्या सगळ्या पांढऱ्या वादळात उभे राहून ओरडत होते, "जाळ कमी पडतोय! उद्या पंखा बसवू!"

मी जाळ ओढला. हुकूम नव्हता, पण ओढला. आणि त्याबद्दल मी अजून कुणाची माफी मागितलेली नाही.

सगळं शांत झाल्यावर सखारामभाऊ पुढं आले. एक लाही तोंडात टाकली, चावली. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. "चव झ्याक हाय. पन शेटजी, वऱ्हाडाला काय लाह्या वाढू? वरनं आमटी वतू?" मग वळले आणि बैलांकडं निघाले. "बारा पोती घरी नेतो. आन टाकव्यात सांगतो."

टाकव्यात सांगतो म्हणजे त्या बाजूचं अख्खं आंदर मावळ गिरणीला तुटलं. शेठ मटकन खाली बसले, लाह्यांच्या ढिगात.

तेव्हा मौलाभाईंनी दाभण पोत्यात खोचला आणि उठले.

"भाऊ, बैल जरा ऱ्हावू द्या," म्हणाले. मग साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "सायेब, मला लिवता येत न्हाई. एक सांगा. ती मोटी क्यालरी आन इंग्रजाची बारकी, चारपट म्हनला न्हवं?"

"हो. एकाचे चार."

"म्हंजी एका शेराचे चार पावशेर. तसंच न्हवं?"

"अगदी तसंच."

"मग मीटर काढा."

साहेबांच्या खिशात घडीची पट्टी होती, एका अंगाला मीटर, दुसऱ्या अंगाला फूट. मौलाभाईंनी कोळसा घेतला आणि फरशीवर एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकोन आखला. शेजारी एक फुटी चौकोन आखला. मोठ्या चौकोनाशेजारी तो बिचारा पाटाच्या कडेला ठेवलेल्या वाटीसारखा दिसत होता.

"आता मोजा, ह्या मोट्यात हे बारके किती बसत्यात."

मोजायला मी बसलो. मीटर म्हणजे तीन फूट आणि वर चार बोटं. तीन त्रिक नऊ चौकोन पुरे बसले. कडेच्या पट्ट्या उरल्या, त्या तुकडे करून जोडल्या तर पावणेदोन आणखी. पावणेअकरा झाले.

"अकरा धरा," मौलाभाई म्हणाले. मग मोठ्या चौकोनात त्यांनी शेराच्या मापानं मोजून अकरा शेर भात ओतला आणि फळीनं सारखा पसरला. "सायेब, हा झाला तुमच्या जर्मनचा मीटर. अकरा शेर. आता तुमी येका फुटात बसा. तुमच्या वाट्याला किती आला?"

शेठ लाह्यांतनं म्हणाले, "एक शेर."

"म्हंजी किती पावशेर?"

"चार."

"अकरा शेर, आन चार पावशेर. तुमी किती धरलं? अकरा चोक चव्वेचाळीस पावशेर. सगळ्या मीटरचा भात एका फुटावर वतला की वो! मोट्या मापाचं बारकं माप केलं, लय ब्येस केलं. पन पाट बदलायचा ऱ्हायला. शेटजींच्या मांडीचा समदा चटका माज्या वीतभर कातडीला लावला तुमी. मग मी लाही होनार न्हाई तर काय?"

सप्रेसाहेब त्या दोन चौकोनांकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "चौरस कापला मी. कापायचा नव्हता."

"आता भागा," मौलाभाई मला म्हणाले.

हाच तो भागाकार. चव्वेचाळीसशे भागिले अकरा. मी भिंतीवरच्या आकड्याखाली रेघ मारली आणि केला. चारशे. बाकी शून्य. साहेबांनी वहीत पुन्हा सगळं बारीक करून पाहिलं, त्यांना चारशे पाच आणि वर काहीतरी आलं. मौलाभाई म्हणाले, "वरचं पाच तुमाला."

ताट निवलं होतं. साहेबांनी मला पुन्हा जाळ घालायला सांगितलं, आणि या वेळी "जरा जपून" असंही म्हणाले. काटा चारशेवर येऊन थांबला. सगळे मौलाभाईंकडं बघायला लागले. पण मौलाभाई हलेनात. साहेबांकडं बघत होते.

सप्रेसाहेबांनी बूट काढले. मोजे काढले. थप्पीआड गेले, आणि मौलाभाईंचा पंचा नेसून बाहेर आले. पुण्याचा शिकलेला माणूस, पोटऱ्या पांढऱ्याफेक. ताटावर चढून मांडी घातली आणि डोळे मिटले. मौलाभाईंनी खाली उभं राहून पुणे सोडलं. साहेब खडकीला स्थिर, चिंचवडला स्थिर, तळेगावला दात आवळलेले. कामशेतला कान लाल झाले. आणि मळवलीला, मौलाभाईंचं "ली" पुरं व्हायच्या आत, साहेब उठले.

सखारामभाऊ बैलांजवळनं ओरडले, "पसरा!"

बाराच्या बारा पोती त्या दिवशी वाळली. एक दाणा तडकला नाही. लाह्यांची दोन पोती भरून तीही टाकव्याला गेली, आणि ऐकलं की वऱ्हाडाला आधी त्याच दिल्या.

संध्याकाळी शेठ हात जोडून मौलाभाईंसमोर आले. "उद्यापासनं बैठक चालू. काटा आहे तो राहील, पण आधी तुम्ही बसायचं. तुम्ही सांगाल ते."

कुणीही म्हणेल, माणूस जिंकला. मलाही तसंच वाटलं. पण मौलाभाई पंचा धूत होते, तो पिळून म्हणाले, "उद्या न्हाई, शेटजी. उद्या रजा पायजे."

"रजा? चोवीस वर्षांत तुम्ही रजा घेतली नाही. कशाला?"

"सायबांचा फूट तपासला. जर्मनचा मीटर तपासला. दोगांचंबी बराबर निगालं. माजं कुनी तपासलंच न्हाई."

सप्रेसाहेब बूट घालत होते. ते म्हणाले, "अहो आजोबा, मी आत्ता बसून पाहिलं की! जमलं!"

"ते चटक्याचं झालं. स्टेशनांचं न्हाई. तुमी इचारलं, मी बघितलंय का. न्हाई बघितलं." एवढ्या लोकांत त्यांनी ते सांगितलं, आणि पंचा दोरीवर टाकला. "एखादं मदीच ऱ्हायलं असंल तर? बाप झोपेत असंल, मी झोपेत असंन. चोवीस वरीस लोकांचा भात वाळवला मी त्याच्यावर."

त्यानंतर मौलाभाई गिरणीत किती वर्षं राहिले, पुढं काय झालं, त्यांची मुलं काय करतात, ते मी लिहीत नाही. ज्याला हवं त्यानं वडगावात विचारावं. मला लिहायचं आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीत जायच्या आधी वडगाव स्टेशनावर गेलो. मौलाभाई तिकीट काढून फलाटावर उभे होते. अंघोळ केलेली, पंचा घडी घालून काखेत. लोणावळ्याकडं जाणारी गाडी आली आणि गेली. ते चढले नाहीत.

मी म्हणालो, "मौलाभाई, ही होती की. कामशेत, मळवली, लोणावळा."

"मधनंच कसं तपासू? पुन्यापासनं धरतो. मापाची सुरवात तितं हाय."

पुण्याकडची गाडी आली. ते चढले. लाकडी बाकावर पंचा पसरला, एकेरी, सुरकुती काढून, आणि त्यावर मांडी घालून बसले. आजूबाजूची माणसं सरकून जागा देत होती. गाडी हलली तसं त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

मी खिडकीबरोबर चालत म्हणालो, "अहो, पहिल्यांदा गाडीत बसलाय, बाहेर बघा तरी!"

"आत्ता न्हाई," मौलाभाई डोळे मिटूनच म्हणाले. "आत्ता समदं उलटं येनार. उलटं बघितलं तर बैठक बिघडंल. येताना बघतो."

फलाट संपला. गाडी तळेगावच्या बाजूला वळेपर्यंत मला ती खिडकी दिसत होती, आणि तिच्यात मौलाभाई, पाठ ताठ, डोळे मिटलेले, तोंड बंद, न बघता पुण्याला चाललेले.